मिसरी राज्याची शेवटची पानं

रत्नागिरीत मांडवीला राहणाऱ्या निवृत्त मास्तरांनी माझी नोकरी राखली. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहिताना राग येईल आणि हेच राहून जाईल.

मी पार सोलापूरकडचा. चौथीत शाळा सुटली आणि फिरत फिरत रत्नागिरीतल्या एका छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. इथलं बोलणं समजेना, मासे घशाखाली उतरेनात, आणि रोज सकाळी धास्ती, की आज मालक म्हणणार, "ए घाटी, उचल तुझी वळकटी."

मास्तरांचं पुस्तक माझ्या वाट्याला आलं. छोटंसंच, प्राचीन मिसर देशाचं, म्हणजे इजिप्तचं, राज्य कसं चढलं नि कसं बुडालं याचं. हस्तलिखित मोडीत. मी अडलो की मास्तर स्टूल ओढून शेजारी बसत आणि अक्षराबरोबर गोष्टही सांगत. नाईलचा पूर ओसरला की जमीन मोजायची, धान्य कोठारात भरायचं, त्या धान्यावर माणसं राबवून दगडाचे डोंगर रचायचे. पुढे फौजा उत्तरेला फरात नदीपर्यंत गेल्या, दक्षिणेतून सोनं आलं, मांडलिक राजांची मुलं फेरोच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, दरबारात वाढली.

"मग बुडालं कसं?" मी विचारलं.

"देवळांनी जमिनी गिळल्या. भाडोत्री शिपाई शिरजोर झाले. आणि राजांच्या कबरी कोरणारे पाथरवट एक दिवस हत्यारं ठेवून खाली बसले."

"का?"

"धान्यच येईना! ज्या राजांनी डोंगर रचवले त्यांना आपल्या पाथरवटाचं पोट भरता येईना. तिथून उतार लागला. मग असुरी, इराणी, ग्रीक, रोमन, जो येईल तो धनी."

माझा बाप पाथरवट. तो भाग मी एका बैठकीत जुळवला, एकही चूक न करता.

चूक झाली ती पहिल्याच पानावर. आमच्याकडे बायका दाताला लावतात त्या भाजलेल्या तंबाखूला मिसरी म्हणतात. इथे आल्यावर त्या शब्दावरून माझी चांगलीच टर उडाली होती. शुद्ध शब्द मिश्री, हे तेव्हापासून डोक्यात घट्ट बसलेलं. देशाचं नाव मिसर हे मला कळत होतं. पण 'मिसरी' दिसलं की हात आपोआप शुद्ध करायला जाई. मास्तर तापाने पडले होते. पहिल्या फर्म्याचं, म्हणजे एका कागदावर एकदम छापायच्या पानांचं, प्रूफ मालकांनी पाहिलं, म्हणजे न पाहता सही केली. फर्मा छापून झाला. वर ठळक अक्षरात: मिश्री लोकांचे साम्राज्य.

"दात घासायचं साम्राज्य काय रे?" मालक ओरडले. "एवढा कागद फुकट! चालू लाग!" स्वतःच्या सहीबद्दल चकार शब्द नाही.

मास्तर शाल पांघरून आले. "मोडी माझी, वाचायला वाईट. चूक माझी धरा."

मग मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक वाचायला घेतलं आणि शेवटच्या भागाशी थांबले. "मास्तर, हे साम्राज्य बुडाल्याचं कशाला? दिवस कसले आहेत! इंग्रज साहेबाला वाचून दाखवलं कुणी तर छापखान्याला टाळं लागेल."

"अहो, टेकडीवर ब्रह्मदेशाहून कैद करून आणलेल्या त्या राजाचा वाडा रिकामा उभा आहे. राज्यं बुडतात हे रत्नागिरीला माझ्या पुस्तकातून कळायचंय का?"

"वाडा सरकारचा. छापखाना माझा." मालकांनी माझ्याकडे बोट केलं. "बुडालेलं काढा, पहिला फर्मा पुन्हा छापतो. नाही तर दुसरा छापखाना बघा, आणि हा घाटी आत्ता जातो."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. 'मी जातो, पानं राहू द्या' असं बोललो असतो तर? नाही बोललो. वळकटी डोळ्यांपुढे दिसत होती.

"काढा," मास्तर म्हणाले. "त्याला ठेवा."

त्या शेवटच्या भागाचे खिळे मालकांनी मलाच सोडायला लावले. एकेक अक्षर आपापल्या खणात. पाथरवट गेले, त्यांचं धान्य गेलं, परके धनी गेले. पुस्तक बाहेर पडलं. त्यात मिसर देश चढतो, चढतो, आणि वरच राहतो. पुस्तक छान झालं म्हणत मालक गावभर मिरवले. त्या माणसाचा राग अजून जात नाही, आणि माझ्या त्या दिवशीच्या मुक्या तोंडाचाही नाही. माझी चूक झाली नसती तर त्यांनी ते पुस्तक कधी उघडलंही नसतं.

मास्तर मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट भेटले की विचारतात, "जेवलास का रे?"

ती मोडी पानं मालकांनी रद्दीत टाकली होती. मी काढून घेतली, माझ्या ट्रंकेत आहेत. मास्तरांना आता कमी दिसतं. कुठल्याही छापखान्यात का होईना, ती पानं मी जुळवीन, 'मिसरी' नीट 'मिसरी' ठेवून, आणि पहिलं प्रूफ मांडवीला त्यांच्या ओटीवर बसून मोठ्याने वाचून दाखवीन. पाथरवटांपासून सुरुवात करीन.