पोळ्याच्या रंगाच्या रेघा

“लई शिकलेली हाय म्हणं. मग बोलंना कावून?”

विहिरीच्या काठावर एक बाई दुसरीला हळूच म्हणाली. मी ऐकलं, आणि ऐकलंच नाही असं दाखवत मोजायची टेप गुंडाळत राहिले. त्या विहिरीचं पुढे जे झालं, त्याबद्दल मी परवापर्यंत कुणाशीच बोलले नव्हते — आईशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय, पण कुठून धरू तेच कळत नाही.

नांदूरघाटच्या रस्त्याला एक दगडखाण आहे. सुरुंग सुरू झाल्यापासून खालच्या विहिरी आटल्या, पिकांवर धूळ बसते, अशी गावाची तक्रार होती. पाहणीचं काम आमच्या भूजल ऑफिसातल्या सरांकडे आलं, आणि मी त्यांच्या हाताखाली. मी केजचीच, वडिलांचं भांड्यांचं दुकान आहे. पण शाळा इंग्रजी. चारचौघांत मराठी बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवावं लागतं — जुळेपर्यंत विषय बदललेला असतो.

ती विहीर सिंधूकाकूंची. त्यांनी मला हाताला धरून पायऱ्यांनी खाली नेलं. आतल्या दगडांवर आडव्या रेघा होत्या — लाल, हिरवी, निळी, पुन्हा लाल. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या रंगाने काकू दरवर्षी पाण्याच्या काठाला एक रेघ ओढायच्या. पहिली रेघ सुरुंगांच्या आधीची, माझ्या डोक्याच्या बरीच वर. शेवटची पायांपाशी.

“बैलं इकली, तरी रंगाची डबी आणतेच,” त्या म्हणाल्या. “सायबाला सांगशील न्हवं, बाई?”

मी मान हलवली. फोटो काढला.

जीपमध्ये सरांना दाखवला. “म्हणजे आता बैलांची साक्ष काढायची?” सर म्हणाले. ड्रायव्हर खो-खो हसला. मीही हसले. का हसले? सर अगदीच चूक होते असंही नाही. आजूबाजूला बोअर झाले होते, पाऊसही कमी पडला होता. पाणी खाणीमुळेच गेलं का, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. पण पाणी का गेलं, हे मला पुढेही कुणी विचारलंच नाही — आणि हेच मी पुनःपुन्हा विसरते.

पुढे एका सुरुंगानंतर विहिरीची ती बाजू ढासळली. रेघांचे दगड गाळात गेले. राहिला फक्त माझा फोटो.

मग केजला सुनावणी झाली. बाधित विहिरींच्या यादीत नाव लागलं तर खाणवाल्यांना विहीर नव्याने बांधून द्यावी लागणार होती. जुन्या पातळीची काही खूण आहे का, अधिकाऱ्यांनी विचारलं. सर म्हणाले, नोंद नाही. तेवढ्यात मागून काकू उठल्या. “हाय की! ह्या बाईनं बघितलंय. फोटूबी काढलाय. इचारा तिला.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. खिडकीपाशी खाणीचे मॅनेजर बसले होते. दिवाळीला त्यांच्या कामगारांना वाटायचे डबे आमच्याच दुकानातून जातात. त्यामुळे का? की सरांमुळे? की एवढ्या लोकांत तोंड उघडायचं म्हणून? मी खूपदा ताडून पाहिलंय. दर वेळी वेगळंच उत्तर येतं, आणि कुठलंच खरं वाटत नाही.

फोन माझ्या हातात होता.

“फोटो आहे तुमच्याकडे?”

“नाही,” मी म्हणाले. वाक्य जुळवावंही लागलं नाही.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ओरडतील. “मग दुसरी कुनी असंल,” त्या म्हणाल्या, “माझीच चूक झाली,” आणि खाली बसल्या. मला खोटं पाडायचं नव्हतं म्हणून? की खरंच स्वतःवरच शंका आली? विहीर यादीत आली नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. फोन बदलला, फोटो नव्या फोनमध्ये घेतला. पुसला नाही, दाखवलाही नाही.

परवा काकू दुकानात आल्या. टँकरचं पाणी साठवायला मोठा ड्रम हवा होता. वडील आत झाकण शोधत होते. काकूंनी मला ओळखलं की नाही, कळलं नाही. त्या ड्रम वाजवून बघत होत्या, कुठे चीर आहे का म्हणून.

“काकू,” मी म्हणाले, “ती मीच. फोटो माझ्याकडे आहे. तेव्हाही होता.”