गिरहॉल

माझं रसायनशास्त्र आज जेवढं कच्चं आहे, तेवढं आमच्या छावणीतल्या रंगारी चाचांनी केलेलं आहे. त्याआधी ते बरं होतं.

चाचा आमचे शेजारी. पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात जन्मलो, एवढीच त्यांची जन्मतारीख. आयुष्यभर हिमरूच्या शाली विणणाऱ्यांना सूत रंगवून दिलं आणि रंगाचे हंडे विकल्यावर विज्ञानकादंबरी लिहायला घेतली. तिचा नायक माणूस नव्हता, एक रसायन होतं: गिरहॉल. गिरह म्हणजे गाठ. शेपूट माझ्या कॉलेजातल्या फिनॉलच्या बाटलीवरून उचललेलं. हे रसायन रक्तात जाऊन डीएनएला गाठ मारतं आणि त्या घटकेला कानावर पडलेलं नाव माणूस मरेपर्यंत विसरत नाही. निदान सोमवारी तरी असं होतं. गुरुवारी गाठ डीएनएच मारायचा आणि रसायन नुसतं बघत राहायचं. मी हरकत घेतली की चाचा शांतपणे विचारत, “मॅडम, सूत आधी फिटकरीच्या पाण्यात भिजवल्याबिगर रंग धरतं का? मंग डीएनए कसा धरील?” त्यामुळे कादंबरीत जो तो आधी फिटकरीचं, म्हणजे तुरटीचं, पाणी पीत असे. चूक नेमकी कुठं आहे, हे मला सापडेना. एकदा भर वर्गात माझ्याच तोंडून फिटकरी निघून गेली आणि मुलांनी ती इमानाने परीक्षेत लिहिली.

मग एका दुपारी त्यांनी विचारलं, गिरहॉल तुमच्या प्रयोगशाळेत बनेल का? मी हसले. ते हसले नाहीत.

“लई नको. एकच नाव पक्कं करायचंय.”

चाची अलीकडे त्यांना भाईजान म्हणू लागल्या होत्या, पाहुण्यासारखं बसायला सांगत होत्या. मला फार वाईट वाटलं, आणि कादंबरी कुठं संपली तेही कळेना. नाही बनणार, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर चाचींच्या हातात चहाची बशी. चाचांनी त्यात चिमूटभर फिटकरी घातली होती आणि आपलं नाव तीनदा त्यांच्या कानात सांगितलं होतं. चाचींनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि डोळे वटारले.

“फिर फिटकरी के हातां? चालीस बरस से बोल रई मैं, हात धोको चाय बनाओ.”

हंडे विकून दहा वर्षं झाली होती. चाचा मोरीवर गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. नाव काही चाचींनी घेतलं नाही. पण नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात कधी घेतलंच नव्हतं. संध्याकाळी त्या पुन्हा भाईजान म्हणाल्या.

आता दोघंही नाहीत. त्या दिवशी मोरीवरून ओल्या हातांनी माझ्यापाशी येऊन चाचांनी हळूच विचारलं होतं, “मॅडम, रंग धरला म्हणायचा का?”