खुर्चीची अदलाबदल

सलूनवाल्याच्या जिभेला वस्तऱ्यापेक्षा जास्त धार होती, पण दुकानात नवी खुर्ची बसवायला हार्डवेअरवाल्याकडून कर्ज घेतल्यापासून ती पार बोथट झाली होती. बायको म्हणाली, "अहो, एकदा तरी समुद्र दाखवा मला." तो वैतागला. "डोक्यावर कर्ज, आणि मी निघू मजा मारायला? लोक तोंडात शेण घालतील!"

"पण दुकान बंद ठेवायचंय कुणाला?" ती म्हणाली. तिचा मावसभाऊ समुद्राकाठच्या गावात सलूनच चालवायचा, आणि त्याच्या पोरांना शहर बघायचं होतं. मग दोन्ही सलूनवाल्यांनी आठवडाभरासाठी घरं आणि दुकानं चक्क बदलून घेतली. सकाळी हा तिथल्या गिऱ्हाइकांच्या दाढ्या करायचा आणि दुपारी शटर ओढून बायकोबरोबर पाण्यात उभा राहायचा. लाट आली की ती किंचाळून त्याचा दंड धरायची, आणि हा तिची टर उडवायचा. जिभेला पुन्हा धार चढली.

अशातच एके दुपारी हार्डवेअरवाल्याचा फोन आला. सलूनवाल्यानं घाईघाईनं तो घेतला.

"दाढीला गेलो तर खुर्चीमागं भलताच माणूस! कुठं उलथलास?"

त्यानं चाचरत सगळं सांगितलं. "हप्ता चुकणार नाही, शेठ. दुकान चालूच आहे."

"हप्त्याचं राहू दे रे." पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "मी जन्मात कधी सुट्टी घेतली नाही. तिथं कुणी हार्डवेअरवाला आहे का ओळखीचा?"