मिक्श्चरचं पाणी

सावळाराम ओव्हाळ मूळचा भोरजवळच्या उत्रोलीचा. पुण्याच्या एका इस्पितळात त्याने नऊ वर्षं बाटल्या धुतल्या, मग खलबत्ता धरला, मग कंपाउंडरची परीक्षा दिली. एकोणीसशे चौसष्ट साली एका डॉक्टरांनी विंझरच्या पुढे, वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या एका गावात दवाखाना काढला आणि सावळारामला बरोबर नेलं.

पहिल्या आठवड्यात एक गोष्ट दिसून आली. लोक डॉक्टरांकडून तपासून घेत, गोळ्या नेत, पुड्याही नेत. मिक्श्चरची, म्हणजे पाण्यात कालवलेल्या औषधाची, बाटली मात्र बाकावरच राही.

आठव्या दिवशी सरपंच सर्जेरावांच्या आई साळूबाई खोकल्यासाठी आल्या. सावळारामने खिडकीतून बाटली पुढे केली. त्यांनी हात पुढे केला नाही.

"ह्यात पाणी कुणी घातलं?"

"म्या घातलं."

"औषधाला आमची ना न्हाई. कोरडं समदं चालतं. पाणी आमी आमचं आणू."

आत डॉक्टरांनी हे ऐकलं आणि ते उठून बाहेर आले. उद्यापासून दवाखाना बंद करतो, असं ते म्हणाले. सावळारामने त्यांना आत बोलावून घेतलं.

"आणू द्या साहेब. बाई खोकतायत."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. पण पाणी उकळलेलं पाहिजे, तेवढं माझं ऐकायचं."

बौद्ध माणसाच्या हातचं पाणी नको, हे त्याने आधीही ऐकलं होतं. औषधाच्या बाबतीत पहिल्यांदाच ऐकलं. त्याने खिडकीवर कागद चिकटवला: मिक्श्चरचं पाणी आणणाऱ्याने तांब्या घासून आणावा, पाणी इथल्या स्टोव्हवर वीस मिनिटं उकळेल.

दुसऱ्या दिवसापासून लोक तांबे घेऊन येऊ लागले. एकाचं पाणी दुसऱ्याच्या बाटलीत गेलं तर नवीनच भांडण, म्हणून सावळाराम प्रत्येक तांब्याला चिठ्ठी बांधी. चिठ्ठीवर नाव, आळी आणि विहीर. उकळलेला तांब्या तो सांडशीने उतरवी, निवला की फडक्यातून गाळी, मापाच्या ग्लासने औषधं घाली आणि चार औंसांची बाटली भरी. मग खाचा पाडलेली कागदाची पट्टी बाटलीला चिकटवी, एका खाचेला एक डोस. मापाच्या ग्लासला हात कुणाचा लागला, हे गावाने विचारलं नाही. सावळारामनेही विषय काढला नाही. वापरलेल्या चिठ्ठ्या तो एका तारेला टोचून ठेवी. कागद टाकून देण्याची त्याला सवय नव्हती.

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या श्रावणात गावात हगवण सुरू झाली. डॉक्टर दिवसभर एकच मिक्श्चर लिहून देत होते आणि सावळाराम त्यासाठी खडूची भुकटी घोटत होता. चौथ्या दिवशी दुपारी त्याने तारेवरच्या त्या चार दिवसांच्या चिठ्ठ्या काढून टेबलावर मांडल्या. एकोणीस रोगी होते. त्यांतल्या पंधरा जणांचं पाणी वरच्या आळीच्या विहिरीचं होतं. त्या पाण्याचं फडकं दोन आठवडे हिरवट निघतंय, हेही त्याला आठवलं.

त्याने डॉक्टरांना चिठ्ठ्या दाखवल्या. डॉक्टरांनी त्या दोनदा मोजल्या.

संध्याकाळी स्वतः सर्जेराव आले. त्यांची बायको आजारी होती. त्यांनी तांब्या खिडकीत ठेवला. सावळारामने चिठ्ठी बांधली नाही.

"सरपंच, हे पाणी औषधाला चालत न्हाई."

"म्हंजी?"

"तुमच्या विहिरीत घाण उतरलीय. पंधरा माणसं त्याच विहिरीची हायत. आता प्यायला बी घेऊ नका."

सर्जेरावांनी तांब्यात डोकावून पाहिलं.

"मग कुणाचं चालंल?"

"हितं उकळून ठेवलेलं हाय. दवाखान्याचं."

"भरा," सर्जेराव म्हणाले. बाटली घेऊन ते गेले, तांब्या तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची ठरली. किती टाकायची ते पाण्याच्या खोलीवर ठरतं आणि तो हिशेब सावळारामशिवाय कुणाला येत नव्हता. तो दोर घेऊन विहिरीच्या काठावर उभा राहिला. वरच्या आळीची माणसं जरा लांब उभी होती. त्याने दोर सोडून खोली मोजली, बादलीत पावडर कालवली आणि पाणी निवळू दिलं. "वतायचं कुणी?" असं एकाने विचारलं. सर्जेराव म्हणाले, "ज्यानं कालवलं त्यानं." सावळारामने वरचं निवळ पाणी विहिरीत ओतलं.

घरी चंद्राबाईने, त्याच्या बायकोने, काय झालं म्हणून विचारलं.

"विहीर खोल हाय," तो म्हणाला. रात्री तो जेवला नाही. भूक नाही म्हणाला.

पाण्याला पंधरा दिवस वास येत होता आणि त्याबद्दल लोकांनी सावळारामला बोल लावले. हगवण थांबली. त्यानंतर निम्म्या लोकांनी तांबे आणायचं सोडलं, निम्म्यांनी नाही. साळूबाई तर पाच वर्षं आणत होत्या. पुढे त्यांचा गुडघा धरला तेव्हा सून बाटली न्यायला आली. तिच्या हातात तांब्या नव्हता.

"पाणी?" सावळारामने विचारलं.

"आत्याबाई काय बोलल्या न्हाईत."

त्याने बाटली भरून दिली. चार दिवसांनी ती रिकामी परत आली, पुन्हा भरण्यासाठी.

पंचाहत्तरच्या सुमारास तयार औषधं आली. सीलबंद बाटल्या, पत्र्याच्या झाकणांच्या. डॉक्टरांनी स्टोव्ह काढून टाकला आणि सावळाराम भोरला एका औषधाच्या दुकानात लागला. तिथं त्याने पहिल्याच दिवशी तापाच्या औषधाची एक बाटली उघडून चव घेतली आणि चवीला घालायचं संत्र्याचं सरबत कमी पडलंय असं मालकाला सांगितलं.

"ते आपलं काम नाही," मालक म्हणाले.

"बरं," म्हणून सावळाराम दुसरं खोकं उघडायला गेला.