वर जाणारा बाण

दिवाळे गावच्या पुतळाचं इंग्रजी शुद्ध होतं, यात वाद नव्हता. मॅट्रिकला तिला त्या विषयात बासष्ट मार्क पडले होते आणि त्या जोरावर एकोणऐंशी साली तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात ती टेलिफोनच्या बोर्डावर बसली. कोळीवाड्यातली खुर्चीत बसून पगार घेणारी ती पहिलीच पोर. तिची आई गोजरा मासळी विकायला जिथं जाई तिथं हे सांगून येई. पण नोकरी तीन महिने चाचणीवर होती, आणि दुसऱ्याच महिन्यात गिऱ्हाइकांनी तक्रार केली, की तुमची बाई फोन घेते की उलटतपासणी?

साहेब तसा भला. त्याने तिला एक पातळसं पुस्तक दिलं आणि सांगितलं, की वाक्यं बरोबर आहेत, सूर तेवढा चुकतो. महिन्याभरात सुधारला तर बोर्ड तुझा, नाहीतर दुसरी मुलगी बघावी लागेल.

पुस्तकात वाक्यांवर बाण काढले होते, काही वर जाणारे, काही खाली येणारे. ‘हू इज कॉलिंग, प्लीज?’च्या शेपटाशी बाण वर गेलेला. पुतळाचा काही जाईना. लहानपणापासून खाडीतल्या होडीला काठावरून हाका मारलेला तो गळा. उंच सुटायचा आणि धाडकन खाली यायचा. पडवीत बसून ती बोटाने हवेत बाण काढी. मान वर जाई, आवाज जागचा हलत नसे.

गोजरा समोरच कोळंबी सोलत असे. इंग्रजीचा तिला गंधही नव्हता. चौथ्या दिवशी मान वर न करताच ती म्हणाली, “शब्द मना नाय कलत. पन तू इचारतेस ना, तवा त्याच्या तोंडावर दार लावतेस.”

पुतळाला राग आला. आता आई शिकवणार इंग्रजी! पण गोजरा वाशीच्या नव्या बिल्डिंगींचे जिने चढून मासळी विकणारी बाई. दारातली बाई ‘काय आणलंय?’ म्हणते, त्या सुरावरूनच तिला कळे, की टोपली उतरवायची की पुढचा जिना धरायचा. हे तिने समजावून सांगितलं तेव्हा पुतळाला पटलं, आणि पटलं म्हणून आणखीच राग आला.

मग रोज संध्याकाळी परीक्षा. पुतळा वाक्य म्हणे, गोजरा म्हणे, लावलंस. पुन्हा म्हणे, पुन्हा लावलंस. एके दिवशी वैतागून पुतळाने पुस्तक मिटलं, खरंच कुणी दमून दारात आलंय असं मनात आणलं आणि विचारलं. गोजराचे हात थांबले. आता टोपली उतरवीन, असं म्हणून ती पुन्हा कोळंबीला लागली.

शेवटच्या दिवशी साहेब दुसरा रिसीव्हर कानाला लावून शेजारी बसला. नेमका त्याच वेळी एक मुका फोन आला. पुतळाने विचारलं, हू इज कॉलिंग, प्लीज? पलीकडे नुसता श्वास. तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदाही तितक्याच मायेने विचारलं. मग फोन ठेवल्याचा आवाज आला. साहेबाने रिसीव्हर खाली ठेवला आणि तिला कायम करण्याच्या कागदावर सही केली.

पुतळा धावतच घरी आली. बातमी ऐकून गोजराने आधी डोळे पुसले.

“तीन बारी इचारलंस,” ती म्हणाली. “एक बारीबी दार नाय लावलंस.”

म्हणजे तो मुका फोन आईचा! बेलापूरच्या पोस्टात जाऊन पोस्टमास्तरांकडून कारखान्याचा नंबर लावून घेतला होता बाईने. मग बोलली का नाहीस, माझा जीव जायची वेळ आली होती, म्हणून पुतळा भांडायलाच उठली.

“मना कुटं बोलायचं होतं गो,” गोजरा म्हणाली. “उद्या तुला कामावरून काडली असती, तं तुजा तो आवाज मी कवा आयकला असता?”