भिंतीवरची बुक्की

आमचं नवीन लग्न, हे फौजेत, आणि क्वार्टर मिळायला अवकाश होता. म्हणून वारज्यात भाड्याचं घर शोधत होतो. सोबतीला यांच्या ओळखीच्या एक काकू, सुभेदाराची बायको म्हणून अर्धा संसार एकटीनं केलेल्या. प्रत्येक घरी त्या यांना जिन्यातच थांबवायच्या. "राहणार ती एकटी. तिला बघू दे." मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर बुक्की मारून कान देऊन उभ्या राहायच्या. पलीकडून कोणी ओ दिली नाही, की घर बाद.

एका फ्लॅटमध्ये हे न राहवून आत आले. "काकू, गॅलरीतून टेकडी दिसते!"

"टेकडी ओ देणार आहे का?" शेजारचं जोडपं आयटीतलं, दिवसभर कुलूप. काकू जिना उतरायलाही लागल्या.

अगदी शेवटी त्यांनी स्वतःच्या शेजारचं घर दाखवलं. "गळ्यात पडल्यासारखं नको, म्हणून आधी बोलले नाही."

तेच घेतलं. महिन्याभरात हे सीमेवर गेले. स्टेशनवरून परतून मी काकूंच्या बाजूच्या भिंतीपाशी उभी राहिले. काय म्हणून ठोकायचं? हात उचलेना.

तेवढ्यात पलीकडूनच बुक्की बसली. मग सगळं शांत. काकू कान देऊन उभ्या असणार.