लाल दिवा विझतो तो सीन

आपण कशाला घाबरायचो हे कुणी ठरवून सांगत नाही. एकानं कबूल केलं की दुसऱ्याची जीभ सुटते आणि मग किस्स्यांचा ढीग लागतो. आमच्या जिभा सुटल्या त्या हॉस्पिटलच्या बाकड्यावर.

आत आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन. "साधं आहे," डॉक्टर म्हणाले, आणि त्याच दमात म्हणाले, "शुगर आहे, बीपी आहे, तर या कागदावर सही करा." साध्या गोष्टीला सही कशाला लागते? ती करून झाली आणि दारावर लाल दिवा लागला. बाहेर मी, बाबा, काका आणि पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीतले तिघं. निल्या, सलीम, अश्विनी. लहानपणी एकत्र सिनेमे बघून एकत्र टरकलेली टोळी.

माझ्याच्यानं त्या दिव्याकडं बघवत नव्हतं. निल्यानं ते ओळखलं असावं. म्हणाला, "भावा, तुला त्या ड्रमचं सांगितलं का कधी?"

आज हे हॉस्पिटल आहे ना, तिथं तेव्हा मोकळं रान होतं. गणपतीत पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. एका सिनेमात पाण्याच्या पिंपातून पांढराफटक हात येतो आणि बाईचा गळा धरतो. निल्यानं ते बघितलं. आणि घरी बघावं तिकडं निळे ड्रम! दुष्काळाचं वर्ष, नळाचा भरवसा नाही, टँकर आला की दिसेल ते भांडं भरून ठेवायचं.

निल्या ड्रममध्ये तांब्या घालेना. तहान लागली की आमच्याकडं. आंघोळ तर बंदच. चौथ्या दिवशी त्याच्या आईनं कान पिळला, तेव्हा हा भोकाड पसरून म्हणाला, "ड्रममध्ये भूत आहे!"

काकूंनी शांतपणे झाकण उचलून आत बघितलं. "असू दे. त्याला म्हणावं, राहायचं तर राहा, पण पाण्यात पाय घालू नको. प्यायचं आहे ते!"

सलीम हसता हसता बाकड्यावरून घसरला. "अबे, ये तो कुछ भी नहीं," म्हणाला आणि दौलताबादची सहल काढली.

किल्ल्यातल्या त्या अंधाऱ्या भुयारी वाटेत डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. सलीमनं आदल्या रविवारीच सिनेमा बघितलेला. हीरोची बॅटरी विझते आणि वटवाघळं तोंडावर येतात. त्यामुळं त्यानं आत पाऊल टाकायला नकार दिला. आमचे विज्ञानाचे सर खवळले. "भूतबित सगळं थोतांड! माझ्यामागं या!"

मध्यावर सरांची बॅटरी विझली. आणि काहीतरी फडफडत त्यांच्या डोक्यावरून गेलं. सर जे ओरडले, ते मी कुठल्याच सिनेमात ऐकलं नाही! आमचे पाय तुडवत मागच्या मागं पसार. आम्ही एकमेकांचे हात धरून वर निघालो, उजेडात आलो आणि स्वतःच मोजणी केली. बेचाळीस पोरं गेली, बेचाळीस निघाली. सर नव्हते.

सर गाडीत सापडले. खिडक्या लावून बसलेले. सलीमनं विचारलं, "सर, क्या हुआ?"

"काही नाही. गाडीवर कुणीतरी लक्ष ठेवायला नको?"

दुसऱ्या दिवशी वर्गात निबंध आम्हालाच. 'वटवाघूळ, शेतकऱ्याचा मित्र'.

आम्ही खिदळलो तसे काका कडाडले, "आत वहिनी झोपल्यात आणि बाहेर दात काढता? लाज नाय? तू कॉलेज सोडलंस, त्याच्याच घोरानं हे दुखणं लागलं त्यांना!"

"काका, पित्ताशयात खडे निघालेत. माझी मार्कशीट नाही निघाली."

बोललो खरं, पण काकांचं वाक्य पोटात जाऊन बसलं. आईला काही झालं असतं, तर जन्मभर ते माझ्याच नावावर राहिलं असतं. आमच्या घरात दोष वाटायला कुणी कधी कमी केलं नाही.

घाबरवायलाही नाही. एका सिनेमात एकडोळ्या डाकू होता, पोरांना पोत्यात घालून न्यायचा. बाबांना आयताच मास्तर मिळाला! "पाढे पाठ नाय? येतो बघ एकडोळ्या." "गणितात कमी? निरोप धाडतो त्याला." दहावीपर्यंतचा अख्खा अभ्यास मी त्या डाकूच्या धाकानं केला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पुस्तकं विकून घरी आलो, तेव्हा मनातल्या मनात त्याची वाट बघत होतो. तो आलाच नाही.

काका आले.

हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं. बाबांनी मान खाली घातली. काकांनी पेपर उघडला, तोही उलटा.

अश्विनीची तऱ्हाच वेगळी. तिला भूत नको, डाकू नको. जत्रेत भावंडं हरवतात आणि वीस वर्षांनी गळ्यातल्या लॉकेटवरून एकमेकांना ओळखतात, तो सीन लागला की ही थरथर कापायची. कारण हिच्याकडं लॉकेटच नव्हतं! मग तिनं उपाय काढला. महाशिवरात्रीला वेरूळच्या जत्रेला निघताना बॉलपेननं पोटावर घरचा पत्ता लिहिला. पिनकोडसकट.

जत्रेत तिच्या वडिलांना रसाच्या गाडीपाशी जुना दोस्त भेटला. गप्पा रंगल्या. पोरगी बरोबर आहे हेच विसरले आणि दोस्ताबरोबर चालायला लागले. अश्विनी रडली नाही. सरळ भोंग्याच्या मांडवात गेली. "माझे वडील हरवलेत."

अख्ख्या जत्रेनं ऐकलं. "चॉकलेटी सफारी घातलेले, टक्कल पडत आलेले एक गृहस्थ हरवले आहेत. कुणाला सापडल्यास त्यांच्या मुलीकडं आणून द्यावं!"

वडील रसाचा ग्लास हातात घेऊन पळत आले आणि आल्या आल्या हिच्या कानाखाली ठेवून दिली. "चारचौघांत इज्जत काढलीस!"

हरवला बाप, मार पोरीला!

"आता तू सांग," अश्विनी मला म्हणाली.

माझा सीन दारावरच लागलेला होता. भूत, वटवाघूळ, डाकू, सगळं मी सहन केलं असतं. पण टीव्हीवरच्या सिनेमात लाल दिवा विझतो, दार उघडतं, डॉक्टर हळूहळू चालत बाहेर येतो आणि काही न बोलता चष्मा काढतो, तिथं माझा जीव जायचा. पुढचं बघायची हिंमत नव्हती. मी स्वयंपाकघरात पळायचो आणि आईचा पदर धरून उभा राहायचो. ती पोळी उलटत विचारायची, "काढला का मेल्यानं चष्मा? अरे, खोटा डॉक्टर आहे तो. त्याला साधं इंजेक्शन टोचता येत नसंल!" गाणं सुरू झालं की मला बाहेर सोडायची.

या किस्स्याला कुणी हसलं नाही. सलीमनं नुसता खांद्यावर हात ठेवला. "कुछ नहीं होता बे."

तेवढ्यात दिवा विझला.

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले. हळूहळू चालत. आमच्यासमोर थांबले. आणि त्यांनी चष्मा काढला.

बाबांनी माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. आणि सकाळपासून "मर्दानं धीर धरावा" म्हणून मला शिकवणाऱ्या काकांनी "वहिनीऽऽ!" करून हंबरडा फोडला आणि फरशीवर बसकण मारली.

डॉक्टर चक्रावले. मास्कच्या वाफेनं धुरकटलेल्या काचा पुसता पुसता म्हणाले, "अहो, झालं काय? ऑपरेशन एकदम छान झालंय."

मी ऐकलं. बाबांनी ऐकलं. निल्या तर भिंतीला टेकून रडायलाच लागला. पण काकांना ऐकू कुठं येतंय! कपाळ बडवत चालूच, "आम्हाला सोडून गेलात हो वहिनी! देवमाणूस गेलं हो!"

त्या गोंधळातच मागनं स्ट्रेचर बाहेर आलं. आईनं अर्धवट डोळे उघडले, काकांकडं बघितलं आणि जड जिभेनं विचारलं,

"कोण गेलं हो, भावजी?"